गाडीवर गोळी नाही

दाखला

माझ्या वडिलांचा रक्तदाब पहिल्यांदा मोजला गेला, तो त्यांना बरं वाटत नव्हतं म्हणून नाही. लायसन्सची मुदत संपत आली होती आणि नूतनीकरणासाठी डॉक्टरांच्या सहीचा दाखला लागत होता. नव्वदच्या दशकाची अखेर होती, मी दहावीत होते. पप्पा एका शेठच्या सहा चाकी ट्रकवर ड्रायव्हर होते. कांदा, द्राक्षाच्या पेट्या, कधी सातपूरच्या कारखान्यांचा माल घेऊन इंदूर, बंगलोर, कधी थेट कलकत्त्यापर्यंत जायचे.

नाशिकला पंचवटीत आमच्या घराजवळ एक वयस्कर डॉक्टर होते. असले दाखले ते गप्पा मारता मारता देत. त्या दिवशी त्यांनी पप्पांच्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली, पुन्हा भरली. मग दुसरा हात मागितला.

"काल जागरण झालं का?" त्यांनी विचारलं.

"ड्रायव्हर हाय साहेब. रात्री झोपलो तर शेठ काढून टाकंल."

डॉक्टर हसले नाहीत. एरवी ते असल्या बोलण्याला हमखास हसायचे, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

मी सोबत होते, कारण फॉर्म इंग्रजीत होता. इंग्रजी कागद असला की पप्पा मला घेऊन जात आणि कुणी विचारायच्या आत सांगत, "माझी पोरगी इंग्लिश मिडियमला हाय." अशा वेळी मी जमिनीकडे बघत असे.

"ही गोळी रोज एक," डॉक्टर म्हणाले. "मीठ कमी. आणि ही आता कायमची."

"कायमची म्हणजे बरं कधी व्हायचं?"

"बरं होत नाही. ताब्यात राहतं."

दाखला त्या दिवशी मिळाला नाही. आकडा खाली आल्यावर या, असं त्यांनी सांगितलं. आमच्या घरात या आजाराची पहिली भीती बसली ती लायसन्सची. माणसाची भीती नंतर आली. हे बरं नाही हे मला कळतं, पण तसंच होतं.

अळणी

पप्पा दोन आठवडे घरी राहिले, गोळ्या घेतल्या, आकडा खाली आला आणि दाखला मिळाला. आईने मात्र लायसन्सवर विश्वास न ठेवता स्वयंपाकघर हातात घेतलं. लोणच्याची बरणी माळ्यावर गेली. पापड बंद झाले. एकाच घरात दोन भाज्या कोण करणार, म्हणून आम्ही तिघंही अळणी खाऊ लागलो. पप्पा महिन्यातले बरेच दिवस बाहेर असायचे, तेव्हाही आई अळणीच करायची. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "आपली जीभ सुटली की हातही सुटतो."

पप्पांचं घरी येणं ठरलेलं असायचं. आल्यावर आंघोळ, जेवण, जेवणावर गोळी आणि मग झोप. ती झोप म्हणजे झोपच. आम्ही रेडिओ बंद करायचो, भांडी हळू ठेवायचो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आई त्यांना डॉक्टरांकडे पाठवायची. आकडा बरा असायचा. डॉक्टर खूश.

"सगळ्या पेशंटनी असं ऐकलं तर माझा दवाखाना बंद पडेल," ते एकदा म्हणाले होते.

प्रत्येक फेरीला निघताना आई पप्पांच्या पिशवीत गोळ्यांची पाकिटं ठेवायची. पप्पा रिकाम्या पिशवीने परत यायचे. अशी काही वर्षं गेली. मी कॉलेजात गेले. आजार ताब्यात आहे, असं आम्ही धरून चाललो होतो.

चांदवडच्या अलीकडे

इंदूरहून परत येताना, भर दुपारी, पप्पांना रस्त्यावरचा पांढरा पट्टा दुहेरी दिसायला लागला. आदल्या दिवसापासून मानेमागे ठणकत होतं, ते त्यांनी उन्हावर ढकललं होतं. चांदवड अजून यायचं होतं आणि त्या फेरीला क्लीनर सोबत नव्हता.

त्यांनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. खाली उतरून मागच्या चाकांना दगड लावले, मग बंद गाडीची खूण म्हणून झाडाची डहाळी तोडून गाडीच्या मागे रस्त्यावर टाकली. हे सगळं करून झाल्यावर ते चाकाला टेकून बसले आणि त्यांना उलटी झाली. मागून त्यांचे दोस्त दगूकाका आपली गाडी घेऊन येत होते. त्यांनी डहाळी बघितली म्हणून थांबले.

"डोळ्यांनी धड दिसत नव्हतं, तरी दगड बरोबर लावलेले," दगूकाका पुढे कितीतरी दिवस सांगत होते. "तशा हालतीत मी दगड शोधले असते का, मलाच डाउट हाय."

त्यांनी पप्पांना एका जीपमधून नाशिकला आणलं. द्वारका चौकाजवळच्या एका खासगी हॉस्पिटलात दाखल केलं. वरचा आकडा दोनशेच्या बराच पुढे होता.

वॉर्डातले दिवस

हॉस्पिटलात दिवसाला एक चाल असते आणि ती लवकर अंगवळणी पडते. सकाळी फरशी पुसणाऱ्या मावशी, मग पट्टा, मग चहा, मग पट्टा. रक्त, लघवी, छातीची ईसीजीची पट्टी. एकदा अंधाऱ्या खोलीत नेऊन डोळ्यांच्या आत बघितलं. पडद्यावर सूज आहे, पण उतरेल, असं सांगितलं. त्या 'पण'ला मी दिवसभर धरून होते.

दर वेळी पट्टा आवळायला लागला की पप्पा डोळे मिटून घ्यायचे. एरवी ते खिडकीकडे तोंड करून पडलेले असत. खिडकीतून फक्त भिंत दिसायची, पण चौकातले आवाज यायचे.

"ही गाडी लोडेड हाय," ते मध्येच म्हणायचे. किंवा, "ह्याचा सायलेन्सर गेला. मालक करून देत नसंल."

मी मान हलवायची. आम्हा दोघांना एकमेकांशी फार बोलायची सवय नव्हती. मला ते अवघड वाटत नव्हतं, त्यांना वाटत असावं.

मावशींची एक आठवण आहे. नातेवाइकांना चहा मिळत नसे. पण त्या रोज पप्पांच्या कपासोबत अर्धा कप जास्त आणायच्या आणि काही न बोलता माझ्या स्टुलाजवळ ठेवायच्या. त्या अर्ध्या कपाची मला अजून आठवण येते.

पिशवी

वॉर्डच्या डॉक्टर तरुण होत्या, माझ्याहून फार मोठ्या नसतील. राउंडला आल्यावर त्यांनी विचारलं, "गोळ्या चालू होत्या ना?"

"होत्या," पप्पा म्हणाले.

"रोज?"

"रोज," आई म्हणाली. "मी स्वतः देते सोबत."

डॉक्टर कागदाकडे बघत राहिल्या. रोज गोळी घेऊन एवढा आकडा म्हणजे औषध बदलावं लागेल, आणखी तपासण्या कराव्या लागतील, असं त्या म्हणत होत्या. तेवढ्यात दगूकाका आले. गाडी शेठच्या आवारात लावून, केबिनमधलं पप्पांचं सामान त्यांनी आणलं होतं: चादर, टॉवेल, पाण्याचा कॅन, सप्तशृंगी देवीचा फोटो. आणि एक कॅरीबॅग.

"घ्या वहिनी, सगळं आणलं," ते म्हणाले. "सीटच्या मागं ह्या गोळ्या पन होत्या. लय हायेत. नानानं स्टॉक करून ठेवलाय." पप्पांना ते नाना म्हणत.

आईने पिशवी उघडली. पाकिटांवर पाकिटं, रबर लावून नीट रचलेली. एकही फोडलेलं नव्हतं. काही इतकी जुनी होती की पुठ्ठा पिवळा पडला होता.

दगूकाकांनी आमच्या तोंडाकडे बघितलं आणि टॉवेलची घडी घालायला घेतली.

"गाडीवर गोळी नाय खात मी," पप्पा म्हणाले.

"मग टाकून का नाही दिल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"औषध कसं टाकायचं, म्याडम? पैशाचं असतं. आणि हिनं दिलेलं."

डॉक्टर त्यांना रागावल्या नाहीत. त्यांनी स्टूल ओढलं आणि विचारलं, "गाडीवर का नाही?"

तेव्हा पप्पांनी उस्तादांची गोष्ट सांगितली. मी ती पहिल्यांदाच ऐकत होते. उस्ताद म्हणजे ज्यांच्या हाताखाली पप्पा गाडी शिकले ते जुने ड्रायव्हर. पप्पा तेव्हा त्यांच्या गाडीवर क्लीनर होते. उस्तादांना सर्दी झाली होती. रस्त्यात एका मेडिकलमधून त्यांनी गोळी घेतली आणि घाटात त्यांचा डोळा लागला. गाडी डोंगराला घासत गेली. पप्पा वाचले, उस्ताद वाचले नाहीत. स्टेअरिंग हातात आल्यावर पप्पांनी नियम केला: गाडीवर असताना दारू नाही, तंबाखू नाही, गोळी नाही. कुठलीच नाही. दात दुखला तरी लवंग.

"ती सर्दीची गोळी होती," डॉक्टर म्हणाल्या. "तिने झोप येते. बीपीच्या ह्या गोळीने तशी येत नाही."

"येते ना. घरी खाल्ली की मी दिवसभर झोपतो. ह्यांना विचारा."

आणि ते खरं होतं. आई आणि मी, दोघीही त्याच्या साक्षीदार होतो.

ज्यांच्या घरात कुणी गाडीवर आहे त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे, म्हणून इथे एक सांगते. आमचे डॉक्टर चांगले होते, आई काळजी घेणारी होती आणि पप्पा खोटं बोलत नव्हते. ते रोज गोळी घेतच होते, घरी असतील तेवढे रोज. आकडाही आम्ही ते घरी असतानाच मोजत होतो. माणूस गोळी घेतो का, एवढंच विचारून भागत नाही. कुठे घेतो आणि कुठे घेत नाही, हेही विचारा.

आईचं बोलणं

त्या दिवसापासून आई पप्पांशी बोलेनाशी झाली. भांडली नाही, रडली नाही. कामं सगळी करायची. फक्त बोलणं माझ्यामार्फत.

"त्यांना विचार, चहा घेणार का."

पप्पा दोनच हातांच्या अंतरावर पडलेले असायचे. "तिला सांग, घेईन."

मी काहीही न सांगता कप पुढे करायची.

एकदा जिन्यात ती मला म्हणाली, "इतकी वर्षं मी मीठ नाही खाल्लं. घरात एकटी असताना सुद्धा. मला वाटायचं, मी इकडे खात नाही, ते तिकडे गोळी घेतात, असं दोघांचं मिळून चाललंय."

बोलणं बंद असलं तरी घरात सगळ्यांना माहीत होतं की प्रश्न काय आहे. गोळी नियमित घेतल्याशिवाय डॉक्टर पुन्हा गाडी चालवायचा दाखला देणार नव्हत्या. गोळी घेतली तर पप्पा स्टेअरिंगवर बसणार नव्हते. गाडी सोडून त्यांना दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही त्यांना करायचंही नव्हतं. शेठने तात्पुरता दुसरा ड्रायव्हर ठेवला होता. 'तात्पुरता' हा शब्द पप्पा फोनवरून परत परत वदवून घ्यायचे.

घरी

डिस्चार्जनंतर काही आठवडे घरीच राहायला सांगितलं होतं. नवीन डोस अंगी लागेपर्यंत चक्कर येऊ शकते, म्हणून. चक्कर आली नाही. डोळे साफ झाले, आकडा हळूहळू उतरला आणि तिथेच राहिला. डॉक्टर म्हणाल्या की आता थोडं थोडं काम सुरू करायला हरकत नाही. जवळची फेरी करा, रिकामी गाडी न्या.

पप्पांना ते पटत नव्हतं. एका दुपारी जेवून ते आडवे झाले आणि उठल्यावर मला म्हणाले, "बघ. आली का नाय झोप?"

"त्यांना सांग," आई आतून म्हणाली, "दोन वाट्या आमरस खाल्ल्यावर कुणालाही येते."

मी फारशी मध्ये बोलणारी नाही. पण एक गोष्ट बऱ्याच दिवसांपासून माझ्या मनात होती आणि ती कुणीच बोलत नव्हतं.

"पप्पा, तुम्ही गोळी सुरू व्हायच्या आधीही झोपायचा," मी म्हटलं. "मी लहान होते तेव्हापासून. तुम्ही घरी आलात की आई मला शेजारी खेळायला पाठवायची. आवाज नको म्हणून."

ते भिंतीला टेकून बसले.

"चार-चार रात्री गाडी चालवून आलेला माणूस झोपणारच ना. गोळीचं नाव कशाला?"

"ते वेगळं," ते म्हणाले.

आत भांडं ठेवल्याचा आवाज आला. पप्पा उठून पाणी पिऊन आले.

"मग असं कर," ते म्हणाले. "सटाण्याहून कांदा भरायचाय शेठला. जाताना गाडी रिकामीच असती. मी सकाळी गोळी खातो. तू बस शेजारी. माझा डोळा लागतोय वाटलं की हाक मार."

"आणि नाही लागला तर?"

"तर खाईन गाडीवरबी."

सटाणा

मी तोपर्यंत पप्पांच्या गाडीत कधी बसले नव्हते. त्यांनी मला कधी बसवलं नव्हतं. ही जागा माझ्यासाठी नाही, असं त्यांचं मत होतं. क्लीनर सुट्टीवर होता. केबिनमध्ये चढायला मला दोनदा पाय टाकावा लागला.

पप्पांनी इंजिन चालू केलं, पण गाडी हलवली नाही. समोर ब्रेकच्या हवेचा काटा असतो. तो वर येईपर्यंत ट्रक जागेवरून हलवायचा नसतो. तेवढ्या वेळात ते देवीच्या फोटोला उदबत्ती लावतात आणि स्टेअरिंगला हात लावून नमस्कार करतात. त्या दिवशी नमस्कार झाल्यावर त्यांनी खिशातून गोळी काढली, पाण्याबरोबर घेतली आणि माझ्याकडे वळून तोंड उघडून दाखवलं. लहान मुलं दाखवतात तसं. मी हसले नाही, कारण ते हसत नव्हते.

काटा वर आला. आम्ही निघालो.

आडगाव गेलं, ओझर गेलं. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांच्या पापण्या, हात, गिअर टाकताना खांदा कसा हलतो ते. ते रस्ता बघत होते आणि मी त्यांना.

"अशी बघू नको माझ्याकडं," ते म्हणाले. "आरटीओ बसल्यासारखं वाटतं."

"मग कुठे बघू?"

"रस्त्याकडं. गाडीत बसलेला माणूस रस्त्याकडंच बघतो."

मी रस्त्याकडे बघायला लागले. पिंपळगावपर्यंतचं मला आठवतं. दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मळे, इंजिनची ऊब तळपायातून वर येणारी, एका लयीत चाललेला आवाज. आदल्या रात्री मला झोप लागली नव्हती. काही झालं तर हाक कशी मारायची, मोठ्याने की हळू, याचाच विचार करत पडले होते.

जाग आली तेव्हा गाडी उभी होती. समोर कांद्याचे ढीग होते, गोण्या होत्या. माझ्या मानेखाली पप्पांचा टॉवेल घडी करून ठेवलेला होता. पप्पा खाली उभे होते आणि एक हमाल केबिनकडे बोट दाखवून, ही मुलगी कुणाची, असं त्यांना अहिराणीत विचारत होता.

"भाऊ, हाई पोर कोनी शे?"

"मनी शे," पप्पा म्हणाले. नांदगावकडचे असल्याने त्यांना ती बोली येते. "मी झोपू नको म्हनीसन पहारा कराले उनी व्हती."

"मंग?"

"पिंपळगावलेच झोपी गई."

तो माणूस हसायला लागला, मग पप्पाही. हॉस्पिटलनंतर ते पहिल्यांदाच असे हसत होते. मी टॉवेलची घडी नीट करत बसले.

"भावडबारीच्या घाटात तुला हाक मारली होती," ते वर येऊन म्हणाले. "म्हटलं, घाट बघ. उठलीच नाय."

माल भरून होईपर्यंत आम्ही तिथेच भाकरी खाल्ली. शेजारच्या गाडीवाल्याने मिरचीचा ठेचा पुढे केला. पप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि तो नको म्हणाले.

येताना मी जागी होते. पप्पाही होते. घाटात भरलेली गाडी ते इतकी सावकाश उतरवत होते की मागचे हॉर्न वाजवत होते. त्यांनी आरशात बघितलं आणि गिअर बदलला नाही.

संध्याकाळी घरी पोहोचलो तेव्हा आई दारात उभी होती. बहुतेक बराच वेळ उभी असावी, कारण पायरीवर निवडून झालेल्या मेथीच्या काड्या पडल्या होत्या. तिने आधी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ती म्हणेल, त्यांना विचार. मी तयारीतच होते.

तिने पप्पांकडे मान वळवली.

"झोप आली का?" तिने विचारलं.

पप्पांनी चपला काढल्या, एकाशेजारी एक नीट ठेवल्या.

"आली," ते म्हणाले. "हिला."

आई आत जाता जाता एवढंच म्हणाली, "हात धुऊन घ्या, ताट वाढते."

भाजी अळणीच होती. पप्पांनी दोनदा घेतली.